विरणारा रुमाल

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे वऱ्हाडातील एक जुने आणि नामांकित गाव. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून भाविक लोक त्याला ओळखतात. कापसाची पेठ म्हणून व्यापारी त्याला ओळखतात. दिवाळीच्या सुमारास आसपासच्या खेड्यांतून पांढऱ्याशुभ्र कापसाने भरलेली वाहने गावाकडे येऊ लागतात. सरकी निराळी होते, रुई निराळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. एके काळी मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद लोहमार्गावरून धावणारी आगगाडी, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत, या मुलखातील कापूस मुंबईच्या वाटेला लावीत असे.

याच कारंज्यात आणखी एक भांडार आहे; पण ते पेठेत नाही, मंदिरात आहे. येथील जैन मंदिरांनी शेकडो वर्षांपासून हस्तलिखित ग्रंथ जतन करून ठेवले आहेत. दहाव्या शतकात होऊन गेलेल्या पुष्पदंत या महाकवीचे अपभ्रंश भाषेतील काव्य आज वाचायला मिळते, त्याचे पुष्कळसे श्रेय कारंज्याला आहे. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ हे काव्य डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी, तर ‘णायकुमारचरिउ’ हे काव्य डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केले आणि ती अनुक्रमे 1931 व 1933 साली कारंज्याच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या, परंतु त्यांनी ज्या कागदावर लिहिले तो कागद टिकून राहिला.

पेठेतील कापूस आणि मंदिरातील पोथ्या यांच्यात वरवर पाहता काहीच नाते दिसत नाही. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने मात्र ती एकाच कुळातली भावंडे आहेत. दोन्ही ज्या द्रव्याची बनलेली आहेत, त्याला सेल्युलोज असे नाव आहे. कापसाचा सुमारे नव्वद टक्के भाग सेल्युलोजचा असतो. लाकूड, बांबू, ताग, गवत या सर्वांत ते कमी-अधिक प्रमाणात सापडते. वनस्पती आपले शरीर याच द्रव्याने उभारतात, आणि माणूस त्याच द्रव्यापासून आपले कापड व आपला कागद करतो. त्याच सेल्युलोजपासून आता एक अशी वस्तू तयार होऊ लागली आहे की, पाण्यात पडताच तिने टिकू नये, तर विरून जावे, यासाठीच ती केलेली असते. टिकणारी पोथी आणि विरणारा रुमाल एकाच द्रव्यापासून कसे होतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम घरातलाच एक अनुभव पाहावा. पावसाळ्याच्या दिवसांत शाळेतून आलेला मुलगा भिजलेला सदरा टोपलीत टाकतो. खिशात एक दहा रुपयांची नोट आणि एसटीचे तिकीट राहून गेलेले असते. सदरा धुऊन वाळत घालताना आई खिसा चाचपते. तिकिटाचा लगदा होऊन तो खिशाच्या कोपऱ्याला चिकटलेला असतो. नोट मात्र ओली, चुरगळलेली, परंतु शाबूत असते. उन्हात वाळविली की ती पुन्हा दुकानात चालते. दोन्ही कागदच, मग एकाची अशी दशा आणि दुसऱ्याचे असे भाग्य का?

कागद हा कापडासारखा विणलेला नसतो. असंख्य बारीक तंतू पाण्यात कालवून, चाळणीवर पसरून, त्यातील पाणी काढून टाकले म्हणजे कागद होतो. पाणी जसजसे निघून जाते तसतसे तंतू एकमेकांजवळ येतात आणि त्यांच्या सेल्युलोजचे रेणू परस्परांना धरून ठेवतात. या धरण्याला हायड्रोजन बंध असे म्हणतात. एकेकटा बंध अगदी दुबळा असतो, परंतु असे बंध अगणित असल्यामुळे कोरडा कागद बळकट होतो. तोच कागद पुन्हा भिजला की पाण्याचे रेणू तंतूंच्या मध्ये शिरतात, बंध सुटतात आणि तंतू मोकळे होतात. ज्या पाण्याने कागदाला जन्म दिला, तेच पाणी त्याला पुन्हा लगदा करून टाकते. तिकिटाचे असेच झाले.

नोटेचा कागद मात्र शंभर टक्के कापसाचा असतो. लाकडाच्या लगद्यातील तंतू दोन-तीन मिलीमीटरांचा, तर कापसाचा मूळ धागा वीस-तीस मिलीमीटर किंवा त्याहूनही लांब असतो. कागदासाठी तो कापून आणि कुटून घेतला तरी तो पुरेसा लांब व चिवट राहतो. शिवाय त्या कागदाला अशी द्रव्ये दिलेली असतात की, पाणी तंतूंच्या सांध्यांत सहजी शिरू शकत नाही. हजारो हातांतून जाणाऱ्या, घामाने आणि पावसाने भिजणाऱ्या नोटेला हे बळ हवेच.

टिकण्याची ही विद्या महाराष्ट्रातील जुन्या कारागिरांनाही उत्तम अवगत होती. दौलताबादजवळील कागजीपुरा या गावाचे नावच कागद करणाऱ्यांवरून पडले आहे. जुन्या पद्धतीत चिंध्या, जुने दोर, गोणपाट असे टाकाऊ जिन्नस कुजवून, कुटून त्यांचा लगदा करीत. चाळणीवर उचललेला ताव वाळला की त्याला खळ लावीत आणि मग गुळगुळीत दगडाने किंवा शिंपल्याने तो घोटीत. खळीमुळे शाई पसरत नसे. असा कागद बोरूच्या टोकाखाली फाटला नाही, आणि लाल कापडाच्या बासनात गुंडाळून ठेवलेली पोथी नातवंडा-पणतवंडांच्या हाती सुखरूप पोहोचली. त्या काळी जी वस्तू अधिक टिके तीच चांगली, असे समजले जाई, आणि त्या समजुतीत काही चूक नव्हती.

घरोघरच्या कापडाचेही तसेच होते. जुन्या लुगड्याचे मऊ तुकडे फाडून आजी नातवाची दुपटी आणि लंगोट करी. बाळाचे अंग पुसलेले फडके धुऊन दोरीवर वाळत पडे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामी येई. कापड झिजून जाळी पडेपर्यंत वापरले जाई. ते विरले की त्याचे पायपुसणे होई. पायपुसणेही विरले की त्याच्या चिंध्या उरत. टाकून देण्यासारखे त्यातून फारच थोडे उरत असे.

आता बाजारात पाकिटातून ओले रुमाल मिळू लागले आहेत. त्यांना ‘वेट वाइप’ म्हणतात. पाकीट उघडले, एक रुमाल ओढून काढला, बाळाचे अंग किंवा आपले हात-तोंड पुसले आणि तो टाकून दिला, की काम झाले. प्रवासात, दवाखान्यात, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या सेवेत त्यांचा खरोखरच उपयोग होतो. अडचण निर्माण होते ती रुमाल वापरताना नव्हे, तो टाकताना. कित्येक लोक तो शौचालयात टाकतात आणि वरून पाणी सोडतात. रुमाल डोळ्यांआड होतो आणि सर्व काही संपले असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या रुमालाचा प्रवास तेथून पुढे सुरू होतो.

साधा ओला रुमाल दिसतो कागदासारखा, पण तो कागद नव्हे. त्यात पुष्कळदा पॉलिएस्टरसारखे कृत्रिम तंतू मिसळलेले असतात. हे तंतू तीस-चाळीस मिलीमीटर लांबीचे असून एकमेकांत घट्ट गुंतविलेले असतात. पॉलिएस्टर म्हणजे प्लॅस्टिकचाच एक प्रकार; पाण्याने त्याचे काही बिघडत नाही. ओला असतानाही फाटू नये, हाच या रुमालाचा गुण. परंतु नळीत उतरल्यावर तोच गुण दोष ठरतो. नळीच्या एखाद्या खडबडीत सांध्याला किंवा आत शिरलेल्या झाडाच्या मुळाला तो अडकतो. त्याच्यावर दुसरा येऊन अडकतो. स्वयंपाकघरातून आलेले तेल-तूप थंड होऊन त्यांच्यावर थिजते. पाहता पाहता नळीत बोळा तयार होतो. पाणी उपसणाऱ्या पंपांपर्यंत जे रुमाल पोहोचतात, ते त्यांच्या फिरत्या चाकांभोवती दोरासारखे गुंडाळले जातात आणि पंप बंद पाडतात.

2017 साली लंडन शहराच्या व्हाइटचॅपल भागात जमिनीखालच्या गटारात असा एक प्रचंड गोळा सापडला. ओले रुमाल, चरबी आणि इतर घाण यांच्या त्या गोळ्याची लांबी सुमारे 250 मीटर आणि वजन सुमारे 130 टन भरले. तो थिजून इतका कठीण झाला होता की, तो फोडून बाहेर काढण्यासाठी कामगारांना अनेक आठवडे खपावे लागले. पुढे 2018 मध्ये त्याचा एक तुकडा लंडनच्या संग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आला. एका घरातून गेलेला एक रुमाल क्षुल्लक खरा. परंतु हजारो घरांतून गेलेल्या अशाच रुमालांनी तो गोळा बनला होता.

आपल्या देशात तुंबलेल्या गटाराची गोष्ट याहून गंभीर होते. लहान शहरांतील पुष्कळ घरांचे सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते. मोठ्या शहरांत ते भूमिगत गटारांत जाते. टाकी किंवा गटार तुंबले की कोणाला तरी बोलावले जाते. तो माणूस झाकण उघडतो आणि काठीने, दोराने, कधी कधी स्वतः आत उतरून अडथळा काढतो. आत हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू साठलेला असू शकतो. त्याला कुजलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी असते. परंतु त्याचे प्रमाण वाढले की तो माणसाची वास घेण्याची शक्तीच बधिर करून टाकतो. त्यामुळे आत उतरलेल्या माणसाला धोक्याची सूचना मिळत नाही. तो बेशुद्ध होऊन पडतो. त्याला वाचविण्यासाठी मागोमाग उतरलेला सोबतीही पडतो. कित्येक संसार असे उघड्यावर आले आहेत.

हे थांबावे म्हणून 2013 साली देशात कायदा करण्यात आला. सुरक्षेच्या साधनांवाचून कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरविणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू आलेल्या कामगाराच्या कुटुंबाला 30 लाख रुपये भरपाई देण्यात यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 रोजी दिला. कायदा आणि न्यायालय यांनी आपले काम केले. पण गटार तुंबूच नये यासाठी जे करावयाचे, ते घराघरांतच करावे लागते, आणि ज्या कारखान्यांत हे रुमाल तयार होतात तेथेही करावे लागते.

कारखान्यांपुढे उभा राहिलेला प्रश्न मोठा चमत्कारिक होता. पाण्यात विरणारा कागद करणे अवघड नाही. शौचालयात वापरण्याचा साधा कोरडा कागद पाण्यात पडला की लवकरच विस्कळीत होतो. कारण त्याच्या आखूड तंतूंचे बंध पाणी सोडविते. परंतु ओला रुमाल पाकिटात असतानाच ओला असतो. महिनोन् महिने तो पाण्यात मुरत पडलेला असतो. पाणी लागताच विरणाऱ्या कागदाचा रुमाल केला, तर पाकीट उघडल्यावर हाती लगदाच येईल. पाकिटातील पाण्यात त्याने टिकावे, हाताने ओढला आणि पुसला तरी फाटू नये. आणि नळीतील पाण्यात मात्र त्याने विरून जावे, ही दोन मागणी एकाच वस्तूकडून कशी पुरी व्हावी?

याचे उत्तर शोधणाऱ्यांनी एक साधा विचार केला. पाकिटातील पाणी आणि नळीतील पाणी यांत फरक कोणता? पहिला फरक असा की, पाकिटातील पाणी स्तब्ध असते आणि नळीतील पाणी वाहते. ते खळखळते, उसळते, वळणावर आपटते. दुसरा फरक असा की, पाकिटात कोणता द्रव भरावा हे कारखानदाराच्या हाती असते. या दोन फरकांतून दोन वाटा निघाल्या.

पहिल्या वाटेने जाणारे कारखाने रुमालाचे बळ बंधांवर सोपवीत नाहीत, गुंत्यावर सोपवितात. त्यासाठी ते दोन प्रकारचे तंतू घेतात. मोठा भाग लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे दोन-तीन मिलीमीटरांच्या आखूड तंतूंचा. त्यात थोडा भाग सेल्युलोजच्याच, परंतु कारखान्यात तयार केलेल्या तंतूंचा. लाकडाचा शुद्ध लगदा रसायनांत विरघळवून, बारीक छिद्रांतून ढकलून पुन्हा धाग्याच्या रूपात आणला की असा तंतू मिळतो. व्हिस्कोज हा त्यांपैकी एक. मध्यप्रदेशात नागदा येथे 1954 पासून तो तयार होऊ लागला. विरणाऱ्या रुमालासाठी हे तंतू मुद्दाम आखूड, साधारणपणे सहा ते बारा मिलीमीटर लांबीचे कापतात. प्लॅस्टिकचा तंतू त्यात मुळीच घालीत नाहीत.

हे दोन्ही तंतू पुष्कळ पाण्यात कालवितात. शंभर भाग पाण्यात एक भागाहूनही कमी तंतू, इतके ते मिश्रण पातळ असते. कारण दाट मिश्रणात तंतूंच्या गुठळ्या होतात. ते पाणी सरकत्या जाळीवर ओतले जाते. पाणी खाली निथळते आणि जाळीवर तंतूंचा पातळ थर उरतो. येथपर्यंतची कृती कागजीपुऱ्याच्या कारागिराला अनोळखी वाटली नसती. त्याची चाळणी हातात असे, येथे ती यंत्रावर फिरते, एवढाच भेद.

खरे कौशल्य पुढे आहे. जाळीवरच्या थरावर पाण्याच्या असंख्य धारा मोठ्या दाबाने सोडतात. त्या धारा सुमारे दशांश मिलीमीटर जाडीच्या, सुईसारख्या बारीक असतात. गोधडी शिवताना बाई जसे वरून खाली आणि खालून वर टाके घालते, तशा या धारा तंतूंना वरून खाली ढकलून एकमेकांत गुंतवितात. येथे सुई पाण्याची असते आणि दोरा म्हणजे ते तंतूच. लांब तंतू आखूड तंतूंभोवती वेढे घेतात आणि थराला बळ येते. मग तो वाळवितात, त्याचे तुकडे कापतात, घड्या घालतात, स्वच्छ करणारा द्रव त्यात मुरवितात आणि पाकिटे बंद करतात.

पाण्याच्या धारांचा दाब किती ठेवावा, यातच सर्व मर्म आहे. दाब अधिक झाला, तर गुंता इतका घट्ट होतो की तो नळीत सुटत नाही. दाब कमी पडला, तर रुमाल हातातच तुटतो. तंतूंच्या लांबीचेही तसेच आहे. केसांची जट आणि केसांचा साधा गुंता यांत जो फरक, तोच येथे आहे. लांब केसांची जट सुटत नाही. आखूड केसांचा गुंता हाताने हलविला तरी मोकळा होतो. योग्य प्रमाणात गुंतविलेला रुमाल एकदा ओढला, दोनदा पुसला, तरी टिकतो. पण खळखळत्या पाण्यात तो चहूबाजूंनी हेलकावू लागला की आखूड तंतू आपल्या वेढ्यांतून एकेक करून निसटतात.

दुसरी वाट रसायनशास्त्राची आहे. खाऱ्या पाण्यात साबण नीट विरघळत नाही, हे पुष्कळांनी पाहिले असेल. याच तत्त्वावर शास्त्रज्ञांनी असे चिकट द्रव्य तयार केले की, जे खाऱ्या पाण्यात घट्ट राहते आणि गोड्या पाण्यात सैल होते. तंतू या द्रव्याने जोडतात आणि पाकिटातील द्रवात पुरेसे क्षार मिसळतात. पाकिटात असेपर्यंत जोड पक्का राहतो. रुमाल शौचालयाच्या गोड्या पाण्यात पडला की क्षार पातळ होतात, चिकट द्रव्य सैल पडते आणि तंतू सुटे होतात. जणू रुमालाला कुलूप लावून त्याची किल्ली नळाच्या पाण्यात ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. मीठ पाण्यात विरघळते. त्याचे कण डोळ्यांना दिसेनासे होतात. रुमाल विरघळत नाही, तो विरतो. जुने धोतर जसे धागा धागा सुटून विरते, तसा तो तंतू तंतू होऊन मोकळा होतो. विरणे आणि कुजणे हेही एक नव्हे. सुती चिंधी कालांतराने कुजते, कारण सेल्युलोज हे सूक्ष्म जीवांचे अन्न आहे; पण ती नळीत विरत नाही आणि म्हणून नळी तुंबविते. उलट, प्लॅस्टिकच्या तंतूंचा रुमाल चिंध्या-चिंध्या झाला तरी त्याचे तंतू कुजत नाहीत. ते पाण्याबरोबर पुढे पुढे जात राहतात. चांगल्या रुमालाने प्रथम विरले पाहिजे आणि नंतर कुजलेही पाहिजे.

रुमाल खरोखर विरतो की नाही, याची परीक्षा घेण्याची रीतही ठरलेली आहे. एका पेटीत पाणी भरून त्यात रुमाल टाकतात आणि ती पेटी यंत्राने एकसारखी डुलवितात. त्यानंतर ते पाणी छिद्रे असलेल्या पत्र्यावर ओततात. अमेरिका व युरोपातील उत्पादकांच्या संघांनी 2018 मध्ये जो नियम ठरविला, त्यानुसार पेटी 60 मिनिटे डुलविल्यावर रुमालाचा निदान 60 टक्के भाग 12.5 मिलीमीटर व्यासाच्या छिद्रांतून खाली गेला पाहिजे. गटारांची व्यवस्था पाहणाऱ्या अनेक संस्थांना मात्र ही कसोटी सौम्य वाटते. प्रत्यक्ष नळीतील पाणी त्या पेटीइतके खळखळत नाही, आणि रुमाल विरण्यापूर्वीच एखाद्या सांध्यात अडकू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणजे हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही.

शाळेतही ही परीक्षा सोप्या रीतीने करता येते. सारख्या आकाराच्या चार बाटल्या घेऊन त्या अर्ध्या पाण्याने भराव्या. एकीत वर्तमानपत्राचा, दुसरीत शौचालयाच्या कोऱ्या कागदाचा, तिसरीत सुती कापडाचा आणि चौथीत न वापरलेल्या ओल्या रुमालाचा, असे एकाच मापाचे तुकडे टाकावे. बुचे घट्ट लावून सर्व बाटल्या पाच मिनिटे सारख्याच हलवाव्या आणि पाणी गाळणीतून गाळावे. गाळणीवर काय उरले आणि काय खाली गेले, ते पाहून वहीत टिपून ठेवावे. पाकिटावर जे छापलेले असते ते खरे की खोटे, हे अशा साध्या प्रयोगाने बरेचसे कळून येते.

या साऱ्या विवेचनातून गृहस्थाने काय घ्यावे? जुन्या आणि अरुंद नळ्या असलेल्या घरांत, जेथे बादलीभर पाणीच ओतले जाते तेथे, विरणाऱ्या रुमालालाही विरण्याइतके पाणी आणि वेळ मिळेलच असे नाही. म्हणून रुमाल कोणताही असो, वापरल्यावर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकणे हाच निर्धोक मार्ग आहे. जेथे पाण्याने धुण्याची सोय आहे तेथे पाण्यासारखे दुसरे साधन नाही. आणि बाळासाठी जुन्या लुगड्याचे धुतलेले फडके आजही तितकेच मऊ असते.

वऱ्हाडच्याच मातीत जन्मलेल्या गाडगेबाबांनी (1876–1956) हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडून काढली. लोकांनी विचार न करता जे टाकले, ते बाबांनी वाकून उचलले. घाण करणारा आणि घाण काढणारा हे दोघे निराळे असावेत, ही रीतच त्यांना मान्य नव्हती. शौचालयात रुमाल टाकताना ज्याला गटाराच्या तोंडाशी उभा असलेला माणूस दिसेल, त्याला बाबांची शिकवण समजली असे म्हणावे.

कारंजा परिसरातील अडाण नदी पुढे पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होतात आणि प्राणहिता गोदावरीत जाते. या वाटेवर पुष्कळ गावे आहेत आणि त्या गावांचे पाणी याच नद्यांवर अवलंबून आहे. नदीत पडलेला सेल्युलोजचा तंतू वाटेत कुजून मातीला मिळतो. प्लॅस्टिकचा तंतू मात्र समुद्रापर्यंत जाऊ शकतो. कारंज्याच्या मंदिरातील पोथी आणखी कित्येक शतके टिकावी, हे योग्यच आहे. कारण तिच्यात जपून ठेवण्यासारखे काही लिहिलेले आहे. एकदाच वापरावयाच्या रुमालाने मात्र आपले काम संपताच नाहीसे व्हावे, हेच इष्ट. कोणत्या वस्तूने किती काळ टिकावे, हे ती वस्तू करणाऱ्याने आधीच ठरविले पाहिजे. आणि ती कोठे टाकावी, हे वापरणाराने.

स्वाध्याय

1. कारंजा लाड येथील दोन भांडारे कोणती? त्यांच्यातील नाते लेखात कसे दाखविले आहे?
2. धुतलेल्या सदऱ्याच्या खिशात नोट टिकली आणि तिकिटाचा लगदा झाला, याची कारणे सांगा.
3. ‘विरणे’, ‘विरघळणे’ आणि ‘कुजणे’ या तीन क्रियापदांचा वाक्यांत उपयोग करून त्यांतील भेद स्पष्ट करा.
4. पाकिटात टिकणारा रुमाल नळीत कसा विरतो? त्यासाठी काढलेल्या दोन वाटांचे वर्णन करा.
5. पुढील शब्दांचे अर्थ सांगा : बासन, खळ, लगदा, निर्धोक, स्तब्ध.
6. लेखात सांगितलेला चार बाटल्यांचा प्रयोग वर्गात करा आणि त्याची नोंद दहा ओळींत लिहा.